चालू स्थितीतल्या प्रोग्रामचा पंचनामा

आमच्या गावात मालक हजर नसला की त्याच्या वस्तूला कोणी हात लावत नाही. लावायचाच झाला तर आधी पंचनामा. गंजलेलं इंजिन असो नाहीतर रस्त्यात आडवं पडलेलं आंब्याचं झाड, पंचनामा ठरलेला. सॉफ्टवेअरचा पंचनामा मात्र पहिल्यांदाच झाला, आणि तो माझ्यामुळे.

गाव वेल्ह्याच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याशी. धरणाचं पाणी पंपाने वर येतं आणि पाळीपाळीने शेतांना मिळतं. कोणाची पाळी कधी, हे आदल्या संध्याकाळी मोबाईलवर कळवणारा प्रोग्राम गावातल्याच एका मुलाने कॉलेजात असताना लिहिला होता. पुढे तो मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. प्रोग्राम पाणी समितीच्या कॉम्प्युटरवर चालूच राहिला.

मागच्या वर्षी काही घरं वाढली, पाळ्या बदलल्या. समितीने मला नवा प्रोग्राम लिहायला सांगितला. मी भोरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, घरातली पहिली पदवीधर. कोणी काम सांगितलं की अजूनही मला आधी आभारच मानावेसे वाटतात. मी तो लिहून दिला. जुना पुसायला मात्र कोणी परवानगी देईना, कारण त्याचा मालक समुद्रात. मग सगळ्यांना एकाच नावाने दोन मेसेज यायला लागले, आणि दोन्हींचे वार वेगळे.

माझ्या काकीने जुन्यावर विश्वास ठेवला आणि तिची पाळी हुकली.

"काकी, माझा मेसेज आला नव्हता का?"

"आलता की. पर त्यो म्हंतो, 'मातोश्री, उद्या आपली पाळी.' तुझा म्हंतो, 'लाभार्थी क्रमांक सतरा.' म्या काय जेलात हाय व्हय?"

माझ्या बारावीच्या वर्षी जून-जुलै मी पुस्तक धरून घरात बसले होते, आणि माझ्या वाट्याची भातलावणी या बाईने कंबर मोडेपर्यंत केली होती. आता तिच्या भुईमुगाला आऱ्या सुटल्या होत्या. त्या जमिनीत शिरायला माती मऊ लागते, नाहीतर शेंगा धरत नाहीत. पुढची पाळी शुक्रवारी होती. आणि जुना प्रोग्राम तोच शुक्रवार वरच्या वावरवाल्याला देत होता. तो मोबाईल पुढे करून पाण्याची चारी अडवणार, याबद्दल गावात कोणालाच शंका नव्हती.

जहाजावरच्या त्या मुलाला मी तीन मेल पाठवले. उत्तर आलं नाही. म्हणून त्याच्या वडिलांकडे गेले. अण्णा निवृत्त तलाठी.

"त्याला रेंज न्हाई. लागली की आधी आईला फोन करतो, मग झोपतो," ते म्हणाले. "पुसायचंय ना? पंचनामा करू. त्याशिवाय हात लावायचा न्हाई."

गुरुवारी दुपारी समितीच्या खोलीत अण्णा, दोन पंच आणि मी बसलो. अण्णांनी कोरा कागद काढला.

"चतुःसीमा सांग."

"अण्णा, प्रोग्रामला चतुःसीमा नसते."

"नसंना. कागदाला असते."

मग मी सांगितल्या. पूर्वेस हजेरीची फाईल, पश्चिमेस भजनी मंडळाची गाणी, दक्षिणेस रिकामी जागा, उत्तरेस कोणाच्या तरी लग्नाचे फोटो. स्थिती: चालू. मालक: हयात, जहाजावर. एका पंचाने विचारलं, "पुसल्यावर वास-बिस येतो का?" नाही म्हटल्यावर तो जरा हिरमुसला. प्रोग्रामची एक प्रत मी पेनड्राइव्हवर घेतली. अण्णांनी ती पाकिटात घालून वर लाख लावली. मग चष्मा काढून म्हणाले, "पोराचं पयलं काम व्हतं ते. कर आता."

मी पुसलं.

शुक्रवारी सकाळी काकी फावडं घेऊन चारीत उभी, आणि चारी कोरडी. नऊ वाजले तरी थेंब नाही. मी पंपघराकडे पळाले. पंपावरचे मामा सावलीत बसून भाकरी खात होते.

"मामा, पंप?"

"मेसेज न्हाई आला."

"तुम्हाला कसला मेसेज?"

"रोज सकाळी येतो. 'मामा, चालू करा.' आजच आला न्हाई. म्हटलं, सुट्टी आसंल."

मामांना जमीन नाही, म्हणून माझ्या यादीत ते नव्हते. जुन्या प्रोग्राममध्ये मी फक्त पाळ्यांचा भाग वाचला होता. त्या मुलाला मामा आठवले होते, मला नाही.

"मी सांगते ना, चालू करा."

"तू कोन?"

"नवा प्रोग्राम माझाच आहे."

"मंग मेसेज पाठव."

त्यांच्यासमोर उभं राहून मी टाईप केलं. त्यांच्या खिशात टुंग वाजलं. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, मेसेज वाचला आणि बटण दाबलं.

पाणी पोचायला अकरा वाजले आणि दोनला पाळी संपली. वरचे वाफे भिजले, खालचे चार कोरडे राहिले. काकी फावडं खांद्यावर टाकून घरी निघून गेली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझ्या यादीप्रमाणे शनिवार वरच्या वावरवाल्याचा होता. मी त्याच्या बांधावर गेले आणि काकीसाठी एक तास मागितला.

"आगं, तुझा कॉम्प्युटर काय म्हंतो? त्याला इचार की!"

"तो काही म्हणत नाही, दाजी. चूक माझी झाली. मीच मागते."

त्याने तंबाखू मळली आणि तो थुंकला. "धा ते आकरा," तो म्हणाला. "आन् फावडं तूच धरायचं. काकीला बसू दे."

शनिवारी दहाला मी चारीचा दंड फोडला. काकी बांधावर बसून, मी किती वाकडं फोडते ते मोठ्याने सांगत होती. अकराच्या आत चौथा वाफा भरला.