इब्राहिमभाईंचा डांगराचा पाय

नाशिकच्या चौक मंडईत कुणालाही इब्राहिमभाईंच्या खारीबद्दल विचारा, सांगणाऱ्याच्या तोंडाला आधी पाणी सुटेल. गल्लीच्या तोंडाशी अबरारशेठची बेकरी आहे. पाटीवर नाव शेठचं असलं तरी गिऱ्हाईक येतं ते इब्राहिमभाईंच्या हाताला. माणसाचा उभा जन्म मैद्यात गेला. भुवयांवर मैदा, कानाच्या पाळीत मैदा, आणि हात असा बसलेला की एकीकडे शेठशी भांडत दुसरीकडे लाटणं चालूच. मोहल्ल्यातली पोरं त्यांची नानकटाई खाऊनच मोठी झाली. एकच पोरगी त्यातून सुटली आणि ती नेमकी त्यांच्या घरची.

रिदा त्यांची नात, मुलाची म्हणजे शोएबची एकुलती एक लेक. ती दोन वर्षांची असताना इब्राहिमभाई कामावरून आले की तिला मांडीवर घेऊन दुधात बुडवलेला टोस्ट भरवायचे. पोर वाळत चालली होती. पोट तेवढं पुढे आणि हातापायांच्या काड्या. ते बघून इब्राहिमभाई आणखी एक टोस्ट बुडवायचे. खाईल तर अंगी लागेल, यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हिला सिलिॲक आहे, गव्हातलं ग्लुटेन हिच्या आतड्याला सोसत नाही. गहू, मैदा, रवा जन्मभर बंद, कणभरही चालायचं नाही. सून निलोफर रडायला लागली. आपण रोज स्वतःच्या हाताने या पोरीला काय भरवत होतो, एवढंच इब्राहिमभाईंच्या डोक्यात घुमत होतं. हे त्यांनी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. बोलून काय फायदा?

तेव्हापासून घराचे कायदे बदलले. बेकरीतून आलं की कपडे बाहेरच्या मोरीत उतरवायचे, डोक्यावरून अंघोळ करायची, मग घरात पाऊल टाकायचं. रिदाचं ताट वेगळं, तवा वेगळा, भाकरी आधी तिची. शोएबला डब्याला चपात्या लागायच्या म्हणून गव्हाच्या पिठाचा डबा घरात होता, पण तो ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, आणि चपात्या सगळ्यात शेवटी. इब्राहिमभाईंच्या हातचं रिदाने काहीही खायचं नाही, हे तर न सांगताच ठरलं. रिदाने त्यावर आपला मार्ग काढला होता. बेकरीत घाणा निघाला की ती खिडकीत उभी राहून नाक वर करायची. "दादा, आज जिऱ्याची खारी होती ना?" असं संध्याकाळी विचारायची. कधी चुकायची नाही. इब्राहिमभाई हसायचे आणि मग उगाच काहीतरी शोधायला आतल्या खोलीत जायचे.

आता रिदा नऊ वर्षांची झाली, तरी अंगाने सहा वर्षांच्या मुलीएवढीच. इतकं सांभाळूनही रक्ताचे आकडे उतरेनात. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "कुठूनतरी गहू पोटात जातोय. घरात कुणी पिठामैद्याचं काम करतं का?"

निलोफरने मान खाली घातली. तिने नाव घेतलं नाही, पण नाव घ्यायची गरजही नव्हती. शोएब मनमाडला रेल्वेत होता आणि रोज गाडीने जाऊन-येऊन असायचा. त्याने क्वार्टरसाठी अर्ज केला, आणि एरवी वर्षानुवर्षं न हलणारा कागद या वेळी महिन्यात हलला. रविवारी टेम्पो येणार होता. वडिलांना त्याने हे जेवताना, आमटी वाढून घेता घेता सांगितलं. इब्राहिमभाई "बरं" म्हणाले. बायको जाऊन त्यांना चार वर्षं झाली होती. आता या दोन खोल्यांत त्यांच्याशिवाय कुणी उरणार नव्हतं.

त्यातच रिदाने मोबाईलवर कुठल्याशा परदेशी बाईंचा व्हिडिओ बघितला. बाईंनी डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, गर घालून केकसारखं काहीतरी गोल, केशरी भाजलं होतं आणि त्यात गव्हाचा कण नव्हता.

"दादा, याला पम्पकिन पाय म्हणतात. तुम्हाला येतो?"

"पाय? बकऱ्याचा येतो," इब्राहिमभाई म्हणाले. "डांगराला कधीपासून पाय फुटले?"

रिदा खूप हसली. मग एकदम म्हणाली, "हा मला चालतो, दादा. तुम्ही केला तरी चालेल."

झालं. त्या एका वाक्याने म्हाताऱ्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. आपण हा पाय करायचा. रिदा तो आपल्या हातचा खाईल, तिला काही होणार नाही आणि ते सगळ्यांना दिसेल. मग शोएबला सांगायचं, बेकरी सोडली बघ मी, आता मैदा घरात यायचं कारणच नाही, तुम्ही इथेच राहा. आशा फार चिवट असते बाबा. बांधून ठेवलेल्या सामानाकडे बघत बसलेल्या माणसालाही ती सोडत नाही.

त्यांनी अबरारशेठकडे आठवड्याची सुट्टी मागितली. शेठला वाटलं, माणूस आजारी आहे. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ गल्लीतल्या दुकानातही मिळत होतं, पण ते ज्या गिरणीतून येतं तिथे दिवसभर गहू दळतात. म्हणून इब्राहिमभाई एसटीने हरसूलच्या बाजाराला गेले. तिथे मैना नावाची एक बाई नागली घेऊन बसली होती. त्यांनी तिला विचारलं, घरी जातं आहे का आणि त्यावर गहू दळता का.

"गहू?" मैना म्हणाली. "आमचेकडं गहू पिकतोच कुठं? जात्यावर नागली नाय तं भात. पण तुमी असं पोलिसावानी का इचारता?"

इब्राहिमभाईंनी नातीचं सगळं सांगितलं. मैना उठली, बाजार शेजारणीवर टाकून त्यांना घरी घेऊन गेली आणि नागली आणि तांदूळ दोन्ही समोर बसवून दळून दिले. पिशवी छातीशी धरून इब्राहिमभाई परत आले. बसमध्ये शेजारच्याच्या मांडीवर पावाची लादी होती, म्हणून जागा असून ते नाशिकपर्यंत उभे राहिले.

पाय शनिवारी करायचं ठरलं. निलोफरने मनापासून साथ दिली, हे सांगितलंच पाहिजे. तिलाही सासऱ्याला सोडून जाण्याची हौस नव्हती. तिने भांडी राखेने घासली, नवीन लाटणं आणलं, पिठाचा डबा उचलून माळ्यावर टाकला. लाटायला लागणारी तांदळाची पिठी एका वाटीत घालून उजव्या हाताला ठेवली. इब्राहिमभाईंनी नखं मुळापर्यंत कापली होती. सुट्टीभर त्यांनी बेकरीत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. नवा सदरा घालून ओट्यापाशी उभे राहिले तेव्हा ते ईदगाहला निघाल्यासारखे दिसत होते. रिदा स्टुलावर बसून सगळं बघत होती.

डांगर वाफवलं, गर चाळणीवर घासून घेतला, त्यात आटवलेलं दूध, गूळ, अंडी, सुंठ आणि दालचिनी घातली. इथवर काही अडलं नाही. अडलं ते हा गर ज्यात भरायचा त्या पारीपाशी. नागली आणि तांदळाचं पीठ गरम पाण्यात उकडलं, तूप घालून मळलं, लाटायला घेतलं आणि ते लाटण्याखाली तुकडे तुकडे झालं. पुन्हा गोळा केला, पुन्हा तडा. मैदा कसा ओढला तर येतो, ताणला तर थांबतो, त्याच्यात जीव असतो. या पिठाला कसली ओढच नव्हती. जन्मभर जिच्या जोरावर हात चालला तीच गोष्ट यातून काढून टाकलेली, आणि तीच नातीला विष.

"दादा, त्या बाईंनी बोटांनी थापलं होतं," रिदा म्हणाली.

खरं तर तिथेच ऐकायला हवं होतं. पण इब्राहिमभाईंनी मान हलवली. थापायची ती भाकरी. बेकरीवाला लाटतो. नातीला आयुष्यात एकदा खाऊ घालायचं आणि तेही थापून? त्यांनी आणखी थोडं तूप घातलं, ओल्या फडक्याखाली गोळा झाकून ठेवला, मग उजवीकडची पिठी घेऊन हलक्या हाताने लाटायला लागले. आणि जमलं! पारी पसरायला लागली. गोल, एकसारखी, कडेला तडा नाही. इब्राहिमभाईंचा चेहरा उजळला. हात रंगला, खांदे सैल झाले, ते काहीतरी गुणगुणायला लागले. पारी जराशी चिकटली तसा त्यांचा हात सवयीने डावीकडे गेला. बेकरीत मैद्याचं ताट डावीकडे असतं. बोटं ओट्याच्या कोपऱ्यात टेकली, चिमूट उचलल्यासारखी वर आली आणि पारीवर झटकली गेली.

स्टुलावरची रिदा बघत राहिली.

तिच्या चेहऱ्यावरून इब्राहिमभाईंना कळलं. त्यांनी लगेच पंजा उघडून दाखवला. "रिकामा होता, बेटा. बघ, काही नाही."

"हो दादा," रिदा म्हणाली आणि हसली. पण ती स्टुलावरून उतरली आणि आईजवळ जाऊन उभी राहिली.

निलोफरच्या छोट्या ओव्हनमध्ये पाय भाजला गेला. काय उतरला होता म्हणता! कडा खरपूस, वर केशरी, मध्ये बोट लावलं तर थरथरेल असा मऊ. सुंठ-दालचिनीचा वास जिन्यापर्यंत गेला. शोएब मनमाडहून आला तो दारातच थांबून म्हणाला, "अब्बा, हे घरात केलंत?" इब्राहिमभाईंनी पहिला तुकडा कापला, नव्या बशीत ठेवला आणि रिदासमोर धरला.

रिदाने बशी घेतली. चमचा उचलला. खाली ठेवला.

"अम्मी, त्या कोपऱ्यात एरवी पिठाचा डबा असतो ना?"

"मी उचलला होता," निलोफर म्हणाली.

"आणि खाली पुसलं होतंस?"

निलोफर ओट्यापाशी गेली. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून तिने बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. बोटाला पांढरं लागलं होतं. डबा जिथे वर्षानुवर्षं बसायचा तिथे त्याच्या बुडाचा फिकट गोल उमटला होता, आणि पोरीची भाकरी रोज त्याच्या वीतभर अंतरावर थापली जात होती. हे तिला दिसलं आणि इब्राहिमभाईंनाही दिसलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी घर त्यांच्या सदऱ्याकडे बघत होतं, ती कदाचित या कोपऱ्यात बसली होती. इब्राहिमभाईंना ते म्हणता आलं असतं. त्यांनी नाही म्हटलं. सून आधीच पांढरीफटक पडली होती.

"मला वाटतं पुसलं होतं, अब्बा," ती हळू म्हणाली. "फडकं फिरवलं होतं. नक्की आठवत नाही."

रिदा आईकडे बघेना, बापाकडे बघेना. तिने सरळ आजोबांकडे बघितलं. "दादा, तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात तर खाते."

बशीतून वाफ निघत होती. इब्राहिमभाईंना एवढंच करायचं होतं की हो म्हणायचं. बोटांना बहुधा काही लागलंच नव्हतं. लागलं असलंच तर किती, कणभर. पोरीने खाल्लं असतं, कदाचित काही झालंही नसतं आणि उद्याचा टेम्पो कदाचित आला नसता. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. याच हाताने ते टोस्ट बुडवायचे. तेव्हाही त्यांना वाटलं होतं की बरंच होईल.

त्यांनी तिच्या हातातून बशी काढून घेतली.

"नको बेटा. नको खाऊस."

शोएब काहीतरी म्हणायला गेला, पण निलोफरने त्याचा दंड धरला. रिदाचे डोळे भरले, पण ती रडली नाही. फार शहाणी पोर. इतकं शहाणपण त्या वयात कुणालाही असू नये.

"वास घेऊ?" तिने विचारलं.

"घे."

तिने बशीवर वाकून डोळे मिटले आणि बराच वेळ श्वास आत ओढला. मग म्हणाली, "सुंठ जरा जास्त झालीय, दादा."

"हो," इब्राहिमभाई म्हणाले. "झालीय खरी."

शेजारच्या सुरय्याने दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तुकडे खाल्ले आणि दारात उभी राहून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, की भाईजान, याच्यापुढे मैद्याचं काय नाव घ्यायचं, हा दुकानात ठेवा. ती म्हणत होती आणि मागून लोक टेम्पोत गाद्या चढवत होते. पिठाचा डबा निलोफरने नेला नाही. मनमाडच्या घरात गहू येऊच द्यायचा नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. जाताना ती इब्राहिमभाईंना सलाम करायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रिदाने टेम्पोतून हात हलवला. भद्रकालीच्या वळणापर्यंत तिचा हात दिसत होता.

इब्राहिमभाईंना मनमाडला फोन करता आला असता, की ओट्याचा कोपरा घासून काढलाय, आता परत या. पण मनमाडच्या शाळेत नाव घातलं होतं, शोएबची रोजची धावपळ थांबली होती आणि त्या घरात पोर बरी होण्याची शक्यता खरोखरच जास्त होती. ही गोष्ट इब्राहिमभाईंना सगळ्यांपेक्षा चांगली कळत होती. बेकरी सोडायची तर कुणासाठी, हेही आता उरलं नव्हतं.

सोमवारी ते कामावर गेले. अबरारशेठ म्हणाला, "आलात? गिऱ्हाईक शिव्या घालत होतं." इब्राहिमभाईंनी जुना सदरा चढवला, गोळा फळीवर टाकला आणि लाटायला घेतला. पारी चिकटायला लागली तसा हात डावीकडे गेला. ताटात मैदा होता.