पैलवानाची धाप

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे पैलवान म्हणतात. जन्मात कधी कुस्ती खेळले नाहीत. पण स्वयंपाकाच्या ओट्याचा जो दगड उचलायला दोन माणसं लागतात, तो ते एकटे उचलून कापायच्या टेबलावर आडवा करायचे. लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, दगडच उचलतो ना, त्यात काय एवढं? लग्नानंतर मात्र चार बायकांत मीच ते फुशारकीने सांगत फिरले.

खरं कसब त्यांच्या हातात होतं. ओट्यात बेसिनसाठी भोक पाडायचं म्हणजे आधी खडूने रेघ मारायची, मग त्या रेघेवरून कटर फिरवायचा. कटरला पाण्याची नळी असते. पाणी सोडलं की धूळ उडत नाही, पण खडूची रेघही धुऊन जाते. म्हणून ह्यांनी पहिल्याच वर्षी नळी काढून कोपऱ्यात टाकून दिली. कोरडंच कापायचे, पण रेघ केसभर चुकायची नाही की कडेला टवका उडायचा नाही. मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायला आणायचा. मागून कामाला लागलेल्या लंबूला आणि शेठला ह्यांनीच हाताला धरून शिकवलं. उंच म्हणून लंबू, आणि कामावरही कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतो म्हणून शेठ. त्या दोघांच्या नळ्याही गेल्या कोपऱ्यात. संध्याकाळी तिघे बाहेर पडायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि एकमेकांकडे बघून हसायचे.

दीड महिन्यापूर्वी ह्यांचा एक्स-रे काढला. घरचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, काम काय करता ते विचारलं, आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की फुप्फुसांत दगडाची धूळ बसली आहे, ती आता निघायची नाही, काम आजच बंद करा, नाहीतर आहे तो श्वासही हातचा जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे डबा घेऊन तयार! मी दारात आडवी उभी राहिले, भांडले, रडले, डबा हिसकावून घेतला. ते म्हणाले, दुसरीकडे काही मिळेपर्यंतच जातो, मालकाला कळलं तर संध्याकाळी घरी बसवेल. कुणापाशी अवाक्षर काढू नकोस, लंबूच्या घरी तर नाहीच, त्याच्या पोटात काही राहत नाही. एरवी माझ्या तोंडाला लगाम नसतो, सासूबाईंनाही तो घालता आला नाही. पण ह्या बाबतीत मी तोंड शिवून घेतलं. मला वाटलं, आपल्या माणसाचं दुखणं आपण झाकतोय, त्यात कुणाचं काय जातं?

टेकडीचं खूळ शेठच्या डोक्यातलं. रविवारी सगळ्यांनी बायकापोरांसकट जायचं, वर बसून खायचं, उन्हं उतरायच्या आत परत. शहराबाहेरची ती नुसती खडकांची टेकडी, पायऱ्या नाहीत, सावलीला मोठं झाड नाही. पैलवानच नको म्हणाला असता तर शंभर प्रश्न आले असते, म्हणून हे हो म्हणून बसले. मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. पिशवी माझ्या पाठीवर घ्यायची, सगळ्यांच्या मागे राहायचं, आणि ह्यांना दम लागला की मी थांबायचं. त्या दिवशी माझा धडधाकट गुडघा दहा वेळा दुखला. बाई, पन्नाशी यायच्या आधीच म्हातारी झालीस, असं शेठची बायको म्हणाली, तेही मी गिळलं.

आमच्याबरोबर कारखान्याच्या ऑफिसातले कारकूनकाका होते. साठीला टेकलेले, आणि पोट असं की स्वतःचे बूट त्यांना महिनोन्महिने दिसत नसावेत. पायथ्यालाच त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला. काकांना खाली कोण उचलून आणणार, अशी चेष्टा लंबूने सुरू केली. शेठ म्हणाला, आपला पैलवान कशाला आहे? सगळे हसले, आमचे हेही हसले.

पोरं काकांच्या मागे लागून पुढे गेली. आमची मुलगी तर त्यांचं बोट धरून उड्या मारत होती. अर्धा तास चढलो असू, तेवढ्यात एक पलंगाएवढा सपाट खडक लागला. ह्यांचे ओठ मला काळपट दिसायला लागले होते, मी गुडघा धरून मट्कन खाली बसले. हे बसले. पाठोपाठ लंबूही थांबला. त्याने मोबाइल काढला आणि एका वाळक्या झुडपाचे फोटो काढायला लागला. एक काढला, दोन काढले, संपेचना. शेठ खडकाला टेकून एक विनोद सांगत होता, पण दोन शब्द झाले की गप्प, परत दोन शब्द. मला आधी वाटलं, रंगवून सांगतोय.

मग माझं लक्ष पिशव्यांकडे गेलं. माझी पिशवी माझ्या पाठीवर, ती का, ते मला ठाऊक. पण लंबूच्या घरची पिशवीही त्याच्या बायकोच्या पाठीवर होती. शेठच्या बायकोने तर एक पाठीवर आणि पाण्याच्या बाटल्या हातात घेतल्या होत्या. दिवसभर दगड उचलणारे तीन तगडे पुरुष, तिघांचेही हात मोकळे. वर पाहिलं तर काका टेकडीच्या माथ्यावर उभे, आमची मुलगी त्यांच्या खांद्यावर, आणि आम्हाला हाका मारत होते, चला की रे, जेवायचं नाही का? काका कधी कापायच्या खोलीत पाऊल टाकत नसत, कपडे खराब होतात म्हणून.

मी ह्यांच्याकडे वळले. ते माझ्याआधीच त्या दोघांकडे बघून मोकळे झाले होते. त्यांचा चेहरा असा मी एक्स-रेच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"लंबू, जिना चढताना कुठल्या मजल्यावर थांबतोस?" त्यांनी विचारलं.

लंबू हसला. आमच्याकडे लिफ्ट आहे रे बाबा, म्हणाला.

"लिफ्ट बंद होती तेव्हा दुसऱ्या मजल्यावर बसले होते," त्याची बायको म्हणाली. शेठने विनोद अर्ध्यावरच सोडला.

मग ह्यांनी सगळं सांगितलं. धाप लागत होती, म्हणून थांबत थांबत सांगितलं. एक्स-रे, धूळ, डॉक्टर काय म्हणाले ते, काहीच हातचं राखलं नाही. शेवटी म्हणाले, नळ्या काढायला तुम्हाला मीच शिकवलं, मला मारा हवं तर. कुणी मारलं नाही. लंबू खाली बसला आणि म्हणाला की मलाही कोरडं कापायचा अभिमानच होता, तुला एकट्याला कशाला बोल लावू? शेठची बायको शेठच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मला उगाच वाटलं, चला, सुटलो एकदाचे. उद्या तिघेही तपासणीला जातील. मालकाचं काय ते मग बघू.

"एक्स-रे कधी काढला?" लंबूच्या बायकोने विचारलं.

ह्यांनी सांगितलं, दीड महिना झाला.

तिने ह्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग मला आठवलं. एक्स-रेनंतर आठवड्याभराने, एका दुपारी आमच्या स्वयंपाकघरात बसून ती मला म्हणाली होती, हे सारखे खोकतात गं, मला भीती वाटते, तू काय करशील माझ्या जागी? एक्स-रेचं पाकीट तेव्हा तिच्या पाठीमागच्या कपाटात होतं. आणि मी तिला सांगितलं होतं, सिगारेटी ओढत असतील, त्या आधी बंद कर.

"सोडली त्यांनी सिगारेट," ती म्हणाली. "महिना झाला. खोकला थांबत नाही, तरी मी रोज सकाळी त्यांना म्हणते, आणखी थोडे दिवस, बरं वाटेल. आणि डबा हातात देऊन कामाला पाठवते."