लतीफच्या कंप्युटरमधली बाई

आधी हसून घ्या बरं का. हा किस्सा मी पहिल्यांदा सांगितला तेव्हा सगळे पोट धरून हसले होते, आणि सगळ्यांत जोरात मीच हसलो होतो. आता सांगायला बसलो की मला हसू येत नाही. पण गाढवपणा माझा, तेव्हा सांगायलाही मीच पाहिजे. घ्या, चहा घ्या.

मी बबन, माणचा. आमची भातखाचरं आयटी पार्कात गेली. उरलेल्या चार गुंठ्यांवर मी बिल्डिंग बांधली. चौदा खोल्या आणि चौदाही भाडेकरू कंप्युटरवाले. त्यांच्यात राहून मलाही वाटायला लागलं की आपण अर्धे इंजिनियर झालो. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, तसं झालं.

तिसऱ्या मजल्यावर स्नेहल राहते, अकोल्याची. कंप्युटरमध्ये चोर शिरू नयेत हे बघणं, हीच तिची नोकरी. एकदा पाण्याची तक्रार घेऊन खाली आली आणि माझा लॅपटॉप बघून किंचाळलीच.

"काका! तुमचा ब्राउजर दीड वर्ष जुना आहे!"

"चालतोय की."

"चालतोय, पण त्याला भोकं आहेत. नवी भोकं सापडत राहतात, कंपनी बुजवत राहते. त्यालाच अपडेट म्हणतात. आणि ही ॲड-ऑन कुणी टाकली?"

ॲड-ऑन म्हणजे काय, ते तिनंच सांगितलं. ब्राउजरला वरून जोडलेली जास्तीची सोय. कुणी जाहिराती अडवतं, कुणी भाषांतर करतं. पण काही लबाड असतात, आपण जे वाचतो, जे टाइप करतो, ते सगळं बघत बसतात. "आपण स्वतः टाकलेलं नसेल तर काढून टाकायचं," स्नेहल म्हणाली.

झालं! मला धर्मच सापडला की हो! चहाच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला घाटावर, जिथं चार डोकी दिसतील तिथं माझं प्रवचन सुरू. अपडेट करा, अनोळखी ॲड-ऑन काढा, वेबसाइटच्या पत्त्याजवळ कुलपाचं चित्र दिसलं म्हणून दुकानदार सज्जन समजू नका. नेरे गावी मेव्हण्याकडे गेलो तर त्याच्या ब्राउजरमध्ये चाळीस टॅब उघडे. मी एका दणक्यात सगळे बंद केले. त्यातल्या एकात पोरीच्या कॉलेजचा अर्धा भरलेला फॉर्म होता. मेव्हणा अजून माझ्याशी तुटक बोलतो.

आमची ही म्हणाली, "अहो, विचारल्याशिवाय लोकांच्या वस्तूला हात लावू नये." ऐकतो कोण?

आता लतीफबद्दल सांगतो. लतीफ माझा शाळेतला मित्र, पौडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तहसील कचेरीसमोर त्याची पत्र्याची टपरी आहे. लोकांचे अर्ज लिहून देणं हाच त्याचा धंदा. आधी हातानं लिहायचा, मोत्यासारखं अक्षर. मग टाइपरायटर आला, आता सगळं ऑनलाइन. ताम्हिणीकडची माणसं दोन गाड्या बदलून त्याच्याकडे येतात, कारण लतीफभाईनं केलेला अर्ज कचेरीतून परत येत नाही, अशी त्याची ख्याती.

एका शुक्रवारी फेरफाराच्या कामाला मी पौडला गेलो होतो. दुपारी टपरीवर पोचलो तर लतीफ नाही. बाकड्यावर एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. शेजारची चहावाली म्हणाली, "नमाजाला गेल्यात भाई. येतीलच, बसा की."

बसलो, त्याच्याच खुर्चीत. कंप्युटर चालूच होता. आणि काय सांगू! पडदा काळाकुट्ट, त्यावर पिवळी जर्द अक्षरं, एकेक अक्षर बसच्या पाटीवरच्याएवढं! मी माउसला नुसतं बोट लावलं, तर आतून एक बाई बोलली.

"अर्जदाराचे नाव. रिकामी चौकट."

मी ताडकन उठलो. खुर्ची मागं आणि मी पुढं! म्हातारी म्हणाली, "आगं बया!"

तुम्हीच सांगा, दुसरं काय वाटणार? लत्याचं मशीन कुणीतरी ताब्यात घेतलं! मी ॲड-ऑनची यादी उघडली. चार होती. चारही अनोळखी. माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. काढा, काढा, काढा, काढा! तरी समाधान होईना म्हणून सगळ्या सेटिंग मूळपदावर आणल्या आणि वर अपडेटही ठोकून दिलं. पडदा कसा पांढरा स्वच्छ झाला. अक्षरं मोहरीएवढी, नेहमीसारखी. ती बाई गप्प झाली.

लतीफ आला. खुर्चीत बसला, माउस हलवला आणि थांबला.

"हितं काय झालं रे?"

मी छाती फुगवून सगळं सांगितलं. भोकं, चोर, बाई, चार ॲड-ऑन. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत होता. मला वाटलं, पोरगं भारावलंय.

"बरं केलंस," एवढंच बोलला.

म्हातारी पुढं सरकली. तिचा नवरा वारला होता, सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. लतीफनं नाक पडद्याला टेकेल इतकं पुढं नेलं, एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. आणि भलत्याच चौकटीवर क्लिक केलं.

मी मागून ओरडलो, "आरं लत्या, ते न्हाई, वरचं! आंधळा झालास का काय?"

असं आम्ही एकमेकांना जन्मभर म्हणत आलोय हो. तो हसला. म्हणाला, "मावशे, सर्व्हर बंद दिसतोय. सोमवारी या."

"चालू हाय की सर्व्हर!" मी म्हणालो. "हे काय, पळतोय!"

मग तो उठला. "तूच बस बबन्या. मी सांगतो, तू भर."

मी बसलो. त्यानं भिंतीला टेकून डोळे मिटले आणि अख्खा अर्ज तोंडपाठ सांगितला. कुठल्या चौकटीत काय, कुठला दाखला आधी जोडायचा, सगळं. मी एका बोटानं टाइप केलं. म्हातारीचं काम झालं, तिनं मला आशीर्वाद दिला. आणि मी गाढव घरी येऊन बायकोला काय सांगतो? "लत्या इतका खूश झाला, की त्यानं मला आपली खुर्ची दिली!"

पुढचे दोन आठवडे मी हा किस्सा माण ते पौड सगळीकडे सांगितला. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. बाईचा आवाज काढून दाखवायचो, 'रिकामी चौकट!' भुकूमच्या एका लग्नात तर लोकांनी पुन्हा सांगायला लावला.

एका रविवारी गच्चीवर स्नेहलला सांगितला. ती हसली नाही.

"पिवळी अक्षरं? मोठी?"

"हांऽ एवढी!"

"आणि बाई वाचून दाखवत होती?"

"रिकामी चौकट!" मी आवाज काढला.

"काका," ती हळू म्हणाली, "ती ॲड-ऑन कमी दिसणाऱ्या लोकांसाठी असतात. तुमच्या मित्राला दिसत नसणार."

मी म्हणालो, छे! लतीफला? त्याला मी पन्नास वर्षं ओळखतो. आणि बोलता बोलताच मला ते नाक दिसलं, पडद्याला टेकलेलं. माझ्या कानाकडे बघणारी नजर दिसली. आंधळा झालास का काय, हे माझेच शब्द ऐकू आले. मी टाकीच्या कट्ट्यावर बसलो.

"मी म्हणाले होते ना, आपण टाकलेलं नसेल तर," स्नेहल म्हणाली. "ते मशीन तुमचं नव्हतं."

आता शहाणा माणूस काय करील? गप्प मित्राकडे जाईल. मी काय केलं? मला पहिलं आठवलं, की लतीफचं मशीन चोरांच्या हातात गेलं होतं असं मी गावभर सांगितलंय. लोक आता त्याच्याकडे आपला आधार नंबर द्यायला भितील! त्याच्या नावावरचा डाग आधी पुसला पाहिजे. मग सोमवारी सकाळी पौडला जाताना घोटावड्याच्या फाट्यावर थांबलो. तिथल्या हॉटेलात सांगितलं, "आरं, चोर-बिर काय न्हाई. बिचाऱ्याला दिसत न्हाई, म्हणून ती बाई वाचून दाखवत होती!" पुढं आणखी दोन ठिकाणी थांबलो. आणि बॅचच्या ग्रुपवर चांगला लांबलचक मजकूर टाकला. लतीफ त्याच ग्रुपवर आहे, माहीत होतं मला. पण वर्षभर त्याचा एक शब्द नाही. म्हटलं, त्याला दिसतच नाही तर वाचणार कुठनं?

टपरीवर पोचलो. बाकड्यावर कुणी नव्हतं. कंप्युटरवर रुमाल टाकलेला.

"लत्या," मी म्हणालो, "मी माती खाल्ली."

त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. "डोळ्याचा पडदा जातोय रे. मधोमध काळं दिसतं, कडंकडंचं तेवढं दिसतं. दीड वर्स झालं. लेकीनं आठ दिवस रजा काढून सगळं बसवून दिलं हुतं. त्या बाईच्या जिवावर चाललं हुतं माझं."

"मग सांगायचं की!"

"कुणाला? तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई." तो हसला, आणि मला ते हसणं बघवेना. "अर्ज लिवणारा आंधळा हाय म्हटल्यावर कोण येतंय टपरीवर?"

मी स्नेहलला फोन लावला. ती एकेक पायरी सांगत गेली, लतीफला नावं पाठ होती, मी शोधून बसवत गेलो. चारही ॲड-ऑन परत आली. काळा पडदा, पिवळी अक्षरं. स्नेहलनं फोन ठेवला. लतीफ पडद्यासमोर बसला, आणि त्याचे खांदे सैल झाले. मला रडू आलं, खरं सांगतो.

"आता एक कर," तो म्हणाला. "झालं ते झालं. पण ही गोष्ट तुझ्यामाझ्यातच ठेव. लोकांना वाटू दे मशीनच बिघडलं हुतं."

मी कंप्युटरवरून काढलेल्या रुमालाची घडी घालायला लागलो.

"दोन आठवडं झालं, ग्रुप ऐकला न्हाई," लतीफ म्हणाला. "लेकीनं ह्याच्यातच उघडून दिलाय. तुमची बडबड ऐकत बसायचो रोज, बरं वाटायचं." आणि त्यानं कळ दाबली.

"थांब थांब!" मी म्हणालो. पण ती बाई सुरू झाली होती.

"बबन, माण. मित्रांनो, एक खुलासा. आपल्या लतीफचा कंप्युटर कुणी पळवला नव्हता. लतीफला डोळ्यांनी दिसत नाही."

सगळं वाचलं तिनं, एकाही शब्दाला न अडखळता. लतीफ मान थोडी कलती करून ऐकत होता, एखाद्या अर्जदाराचं ऐकतो तसं.

शेवटी म्हणाला, "मजकूर बरा लिवलायस. पण बबन्या, ज्याचा अर्ज, त्याची सही घ्यायला पायजे हुती."

"अरेरे," बाई पुढचं वाचायला लागली. "फार वाईट झाले. हात जोडलेले चिन्ह. लतीफभाईंना आता धंदा झेपणार का?"

"बंद कर की रे ती!" मी ओरडलो.

"कशाला? लोकं काय म्हणत्यात ऐकू दे की."

मी त्याच्यावरून वाकलो आणि दिसेल ती कळ दाबली. बाई गप्प झाली नाही. आवाज तेवढा मोठा झाला. कचेरीबाहेरच्या रांगेतली सगळी माणसं वळून टपरीकडे बघायला लागली. पौडात ज्यांना कळायचं राहिलं होतं, अशी तेवढीच माणसं उरली होती.