"ही कोण?"

निरवांगीतल्या घराच्या ओट्यावरून लेक डोक्यावर पडली, एकदा ओकली, आणि मी मायलेकींना घेऊन गाडी थेट बारामतीला काढली. जुने ट्रॅक्टर घेण्या-विकण्यात माझं आयुष्य गेलं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून मला भाव कळतो. पण दवाखान्यात डॉक्टरांचा चेहरा काही सांगेना.

"लगेच स्कॅन नको. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवू. झोपली तर झोपू द्या, सिस्टर उठवून बघतील."

मग दुपार पाण्याखाली गेल्यासारखी झाली. हिरवे पडदे संथ फुगायचे, पंख्याचा आवाज लांबून कुठून तरी यायचा. पाच वर्षांची पोर झोपेत खोल खोल जायची आणि सिस्टर तिला हलकेच वर काढायच्या. डोळ्यांत बॅटरी, माझं बोट दाब, नाव सांग. दर वेळी मी तिच्यामागं बुडी मारायचो आणि ती वर येईपर्यंत श्वास धरून राहायचो.

पाळी बदलली. नव्या सिस्टरनी पोरीला उठवून, बायकोकडं बोट दाखवून विचारलं, "ही कोण?"

"वहिनी."

"आणि हे?"

"दादा."

सिस्टर घाईनं डॉक्टरांना घेऊन आल्या. "सर, आईवडिलांना ओळखत नाहीये. स्कॅनला पाठवायचं?"

माझा तोल गेला. "अवो बाई, बरोबर बोलतीय पोरगी! घरात आमाला तसंच म्हणती ती!"

"आवाज खाली," डॉक्टर म्हणाले. "आईला वहिनी?"

बायको खालमानेनं म्हणाली, "हिचा काका म्हणायचा. ऐकून ऐकून हीबी म्हणाया लागली."

काकाचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. धाकट्या भावाला धंदा मी शिकवला, आणि वेगळा होऊन त्यानं माझीच गिऱ्हाइकं फोडली. घर सोडून गेला, पण त्याचा शब्द पोरीच्या तोंडात राहिला.

डॉक्टर पोरीवर वाकले. "काका कुठं असतो गं?"

"माळेगावला. दादाची कट्टी हाय त्याच्याशी. वहिनी गुपचूप फोन करती."

डॉक्टर मोठ्यानं हसले. "डोकं जागेवर आहे हिचं! तरी संध्याकाळपर्यंत थांबा."

मी बायकोकडं बघितलं. ती पदराचं टोक दातांत धरून भिंतीकडं बघत होती.

"कट्टी न्हाय गं," मी पोरीला समजवायला लागलो, "त्यानंच आधी..."

पण ती पुन्हा झोपली होती, तोंड अर्धं उघडं टाकून. या वेळी मी श्वास धरला नाही.