मुलाचे केस आणि माझा नवस

इंग्रजी कागदावर मी आयुष्यात दोनदा सही केली. पहिल्यांदा नवरा गेला. हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. भुलीचं इंजेक्शन मानवलं नाही, असं बाहेर येऊन सांगितलं आणि संपलं. दुसऱ्यांदा मुलगा होता, आणि त्याला तर काही आजारच नव्हता. त्याला डोक्यावर केस लावून घ्यायचे होते.

ही गोष्ट नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाल्यानंतरची, शतक संपायला आलं होतं तेव्हाची. आम्ही बेंगळूरला मल्लेश्वरममध्ये राहायचो. घरात मी, मुलगा आणि माझी थोरली नणंद. तीही माझ्यासारखीच विधवा. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो.

मुलाचं कपाळ तेविसाव्या वर्षी मागे सरकायला लागलं. अठ्ठाविसाव्या वर्षी पुढे काही उरलं नव्हतं. मधे विरळ, कानांवर आणि मागे मात्र दाट. त्याच्या बापाचं डोकं असंच होतं, पण त्याचं लग्न आधी झालं होतं.

आमच्या समाजातलीच एक मुलगी बघायला गेलो होतो. मुलीच्या आजीनं आम्हाला बसवलं, मुलाकडे नीट बघितलं आणि मला विचारलं, "हे मुलाचे काका का? मुलगा मागून येतोय?" कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट झालं. मुलानं कॉफी संपवली, कप खाली ठेवला. त्याच आठवड्यात औषध घरात आलं.

पहिलं औषध पातळ होतं. सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरनं डोक्याला लावायचं. स्पिरिटसारखा वास यायचा. पहिल्या दोन महिन्यांत केस वाढायचे सोडून आणखी गळले. डॉक्टरांनी म्हणे तसं सांगितलं होतं, तरी तो उशीवरचे केस उचलून कागदात ठेवायचा, आणि मी दिसले की कागद उशीखाली सरकवायचा.

मग गोळ्या आल्या. तेव्हा त्या नव्याच निघाल्या होत्या. एकदा मी कपाट पुसताना पाकीट उचललं तर तो धावत आला.

"ठेव ते. बायकांनी हाताळायचं नसतं."

"का? काय आहे त्यात?"

"पोटुशी बायकांनी फुटलेली गोळी हाताळायची नसते. बाळाला धोका असतो."

अक्का सुपारी कातरत होती. म्हणाली, "मग आपल्याला काय भीती? या वयात आपल्या दोघींना काय होणार आहे?"

ती हसली, मी हसले नाही. पोटातल्या बाळाला धोका करणारी गोळी माझं बाळ रोज गिळत होतं. ही कसली गोळी, हे मला कुणाला विचारता येत नव्हतं.

वर्षभरानंतर डॉक्टरांनी त्याला सांगितलं, आहेत ते केस टिकतील, गेलेले परत येणार नाहीत. ते हवे असतील तर ऑपरेशन. मुलानं जेवताना आम्हाला समजावलं. डोक्याच्या मागची कातडीची एक पट्टी कापून काढतात. तिच्यातले केस मुळासकट सुटे करतात. पुढे बारीक भोकं पाडतात आणि एकेक केस लावत जातात, नाचणीचं रोप लावतात तसं.

"आणि मागे कापलेलं?" अक्का म्हणाली.

"टाके घालतात, अक्का."

"म्हणजे धोतर फाडून टोपी शिवायची."

मी म्हटलं, "धडधाकट माणसाला कापतात कशाला?"

"आई, भूल नसते. डोकं तेवढं बधिर करतात. मी जागाच असणार."

"तुझ्या बापालाही कमरेखालीच बधिर करणार होते."

तो ताटावरून उठला, हात धुतले आणि बाहेर निघून गेला. मी बोलायला नको होतं, पण खोटं काय बोलले?

ऑपरेशन कोरमंगलात होतं, एका नव्या खासगी दवाखान्यात. सकाळी रिक्षानं गेलो. काचेचं दार होतं, आत अगरबत्तीचा वास. नर्सनं कागद पुढे केला. नातेवाइकाची सही हवी. मी चौथी शिकले, तीही मराठी. तिनं विचारलं, "अम्मा, काय लिहिलंय ते कन्नडात सांगू?" मी नको म्हटलं. ऐकून काय करणार होते? मागच्या वेळी सगळं ऐकलं होतं. मराठीत माझं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलं.

सात तास मी त्या बाकावर बसले. दार उघडलं की उठायची, बंद झालं की बसायची. दुपारी एक मुलगी दहीभाताचं ताट घेऊन आत गेली. मी तिला थांबवलं, "हे कुणाला?" ती म्हणाली, "तुमच्या मुलाला. मधे थोडं खायला देतो." तेव्हा वाटलं, जेवतोय म्हणजे जिवंत आहे. पण ताट बाहेर आलं तेव्हा अर्धं तसंच होतं. मी परत उठून दाराशी गेले.

पाच वाजता तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. डोक्याला पांढरं बँडेज, चेहरा पिवळा. "झालं," म्हणाला. घरी आलो. तीन उशा रचून, डोकं उंच ठेवून झोपायचं होतं. दोन दिवस ठीक गेले. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन गेले. उशांवर माझा मुलगा नव्हता. कपाळ सुजून पुढे आलं होतं, दोन्ही डोळे मिटले होते, नाकाचं मूळ दिसत नव्हतं. तो झोपला होता. मी हाक मारली तर "ऊं" केलं, पण डोळे उघडले नाहीत, उघडता येतच नव्हते. मला वाटलं, विष चढलं. डोक्यातून खाली उतरतंय, आता गळ्याशी येईल.

पेला माझ्या हातात होता. तिथंच उभी राहून मी तिरुपतीला बोलले, "माझ्या पोराला वाचव. त्याच्या डोक्यावरचे सगळे केस देते."

हे मी ठरवून बोलले नाही. आमची कुलदेवी तुळजापूरची. पण ती लांब, आणि बेंगळूरला इतक्या पिढ्या राहून आमच्या घराला तिरुपतीची सवय लागलेली. पोरांचं जावळ तिथं. गोवर आला, टायफॉइड झाला, पाय मोडला, की घरातली बाई एकच बोलायची: केस देते. माझी सासू बोलायची, अक्का बोलायची, मी बोलायची. तोंडाला तेच यायचं.

मग मी चप्पल न घालता कोपऱ्यावरच्या फोनच्या टपरीवर गेले आणि दवाखान्याला फोन लावला. नर्सनं ऐकून घेतलं. म्हणाली, "एनू आगल्ला अम्मा. काही होत नाही. तिसऱ्या दिवशी सूज उतरते ती डोळ्यांवर येते, दोन दिवसांत जाते. तुमच्या मुलाला सांगितलंय की."

त्याला सांगितलं होतं. मी घाबरेन म्हणून त्यानं मला सांगितलं नव्हतं.

सूज दोन दिवसांत गेली. नवस राहिला. मी फोन आधी केला असता तर काहीच झालं नसतं. पाच मिनिटांचा फरक.

तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले. मुलगा म्हणाला, हेही डॉक्टरांनी सांगितलंय, मुळं आत आहेत. मी मात्र मनात म्हटलं, देवानं आपलं नेलं. मिटलं. त्या तीन महिन्यांत मी चांगली झोपले.

चौथ्या महिन्यात पुढे काळे ठिपके दिसायला लागले. मुलगा आरशासमोरून हलेना. अक्कानं त्याची दृष्ट काढली. पण गेलेले परत आले होते, म्हणजे देवानं काही नेलं नव्हतं. जसजसे केस वाढत गेले तशी माझी भीती वाढत गेली. लोकांना त्याच्या डोक्यावर केस दिसायचे, मला न फेडलेला नवस दिसायचा. हेब्बाळजवळ त्याची स्कूटर घसरली, गुडघा सोलला. मला ती खूण वाटली. त्याला ताप आला, ती दुसरी खूण. तो पाच मिनिटं उशिरा आला तरी मी फाटकाशी उभी.

शेवटी अक्काला सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली.

"सगळे केस बोललीस? तुला नारळ बोलता येत नव्हता?"

"तोंडाला तेच आलं."

"त्यानं एवढी कापाकापी केली ती कशासाठी!"

"अक्का, माझे केस दिले तर?"

तिनं माझ्या अंबाड्याकडे बघितलं. "ज्याच्यासाठी बोललं त्याचेच द्यायचे असतात. तुझे घेऊन देव काय करील?"

अकराव्या महिन्यात एक स्थळ आलं. मुलीकडचे महिनाभरानं येणार होते. आमच्या घरात नवस बाकी ठेवून लग्नाचं बोलत नाहीत. आता गप्प राहण्यासारखं नव्हतं. रविवारी सकाळी तो भांग पाडत होता. मी दाराशी उभी राहून सगळं सांगून टाकलं. रडले वगैरे नाही. जसं झालं तसं सांगितलं.

कंगवा हातात तसाच. त्यानं आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

"हे सूज आली त्या दिवशीचं?"

"हो."

"म्हणून तू सात महिने माझ्या डोक्याकडे तशी बघतेस?"

"कशी?"

"मला वाटलं, वाईट दिसतंय. खोटं दिसतंय आणि तू बोलत नाहीस. ऑफिसात मी खिडकीकडे पाठ करून बसतो, आई. उजेडात कुणी बघेल म्हणून."

मी त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, "आणि नाही उगवले परत तर?"

"नाही उगवले तर तू जिवंत तरी आहेस."

"तेवढ्यानं लग्न होत नाही." असं म्हणून त्यानं कंगवा आपटला. दोन दिवस त्यानं अक्काकडूनच ताट वाढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच डॉक्टरांकडे गेला. विचारायला तोंड उघडलं तोच ते म्हणाले, "तिरुपती?" असे बरेच जण येत असावेत. म्हणाले, वर्ष होऊ दे, मग काढ, परत यायला हवेत. मी त्याला विचारलं, "येतील म्हणाले की यायला हवेत म्हणाले?" तो म्हणाला, "यायला हवेत."

वर्ष झालं त्याच आठवड्यात आम्ही बसनं तिरुपतीला गेलो. घाट चढताना तो डोक्यावरून हात फिरवत होता. मला वाटलं, उतरेल आणि परत जाईल. गेला असता तर मी काय केलं असतं? माहीत नाही.

केस काढायच्या त्या मोठ्या खोलीत ओल्या फरशीवर तो न्हाव्यापुढे बसला. न्हाव्यानं पाणी लावलं आणि मागून सुरुवात केली. दोन फटक्यांत वस्तरा थांबला. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पांढरी रेघ होती. तो व्रण मीही तेव्हा पहिल्यांदा उघडा बघितला.

"काय झालं होतं? अपघात?" न्हाव्यानं कन्नडात विचारलं.

"ऑपरेशन," मुलगा म्हणाला.

"मेंदूचं?"

मुलगा थांबला. मग म्हणाला, "हो."

न्हाव्याचा हात एकदम हलका झाला. रेघेवर दोन बोटं धरून तो वस्तरा तिच्या कडेनं नेऊ लागला. मला म्हणाला, "देवानं वाचवलं बघा अम्मा."

"हो," मी म्हटलं.

पुढचे केस शेवटी गेले. वर्षभराचं काम दोन मिनिटांत फरशीवर पडलं आणि पाण्याबरोबर वाहून गेलं. मुलानं डोळे मिटून घेतले होते. मी चंदन लावलं. पुढे कातडीवर बारीक खड्डे लागत होते, ओळीनं. माझी बोटं तिथून पुढे जाईनात. आत काही आहे की नाही, ते हाताला कळत नव्हतं.

घरी आल्यावर पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. तो टोपी घालून ऑफिसला जायचा, टोपी घालूनच जेवायचा. अक्का लांबून बघायची आणि मान फिरवायची. मुलीकडच्यांना आम्ही आणखी दोन महिने थांबायला सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी तो पायरीवर पेपर वाचत बसला होता. टोपी शेजारी होती. मी मागून गेले आणि न विचारता त्याच्या कपाळाच्या वर तळवा ठेवला.

टोचलं.

तो हलला नाही. पेपर तसाच धरून म्हणाला, "काय?"

"टोचतंय."

"मागे?"

"पुढे. मागेही आहे. पुढेसुद्धा टोचतंय."

"नीट बघ."

मी परत हात फिरवला, या कानापासून त्या कानापर्यंत. "बघितलं. आहे. तुझा हात लाव."

तेव्हा त्यानं पेपर खाली ठेवला. पाच दिवसांत त्यानं आपल्या डोक्याला हात लावला नव्हता. आंघोळीलासुद्धा नुसता तांब्या ओतून घेत होता. त्याचा हात वर आला आणि माझ्या हातापाशी येऊन थांबला.

"तूच सांग," तो म्हणाला.