वरच्या केबिनमधून एकेक ओळ

आमच्या साइटवर सगळ्यात उंच बसणाऱ्या माणसाला सगळ्यात कमी लोक ओळखायचे. टॉवर क्रेन चालवणारे दादा सकाळी सगळ्यांच्या आधी शिडीला लागत आणि संध्याकाळी सगळे पांगल्यावर उतरत. मधल्या वेळात ते म्हणजे आभाळातली एक काचेची केबिन. काचेत कोपर दिसलं तर दिसलं. डबासुद्धा वरच. सगळे त्यांना 'वरचे' म्हणत. "वरच्यांची इच्छा असेल तर आज सळया येतील," असं मुकादम म्हणाला, की नवा गडी उगाच हात जोडायचा.

मी खाली, सिग्नलवाला. डोक्यावर हेल्मेट, तोंडाशी वॉकीटॉकी आणि मान कायम वर. माल कुठे टेकतोय ते दादांना तिथून नीट दिसत नाही, म्हणून ते मी सांगायचं. नियम कडक होता. एकाने बोललेलं दुसऱ्याने जसंच्या तसं परत म्हणायचं, मगच हात हलवायचा. हुकूम देताना तुम्ही-आपण नाही. "डावीकडे घे." "डावीकडे घे." "हळू." "हळू." दिवसभर आम्ही दोन पोपट. आणखी एक नियम 'थांब' या शब्दाचा. तो कोणीही उच्चारो, अगदी पाणी भरणाऱ्यानेही, सगळ्या साइटने जागच्या जागी गोठायचं. चौकशी मागाहून.

क्रेनच्या बादलीत काँक्रीट भरेपर्यंत मात्र आम्हाला काम नसे. अशाच एका वेळी वॉकीटॉकीचा सेट खरखरला.

"मास्तर, तू शाळेत कविता शिकलास ना?" मराठीतले माझे मार्क मी एकदा त्यांना ऐकवले होते, तेव्हापासून मी मास्तर.

"शिकलो. चालीवर म्हणायच्या आणि अर्थ मार्गदर्शकातून पाठ करायचा."

"मला माझं आयुष्य सांगायचंय. कवितेत."

"साधं बोलून सांगा की, दादा."

"साधं बोलायला गेलो की रडगाणं होतं. बायको म्हणते, झालं यांचं सुरू."

"मग मुक्तछंदात सांगा. त्यात यमक लागत नाही."

"यमक नाही, तर ती कविता आहे हे कळणार कशावरून?"

"ओळ मधेच तोडायची."

मग म्हणाले, "मग आपण दोघं सकाळपासून दुसरं काय करतोय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळी आल्या.

"जन्मलो तेव्हा घरात जागा नव्हती,
म्हणून मला माळ्यावर निजवायचे."

सवयीने मी त्या परत म्हटल्या. वरून हसण्याचा आवाज आला. "मी बोललेलं शेवटपर्यंत ऐकणारा तू पहिलाच."

"ऐकलं नाही, दादा. नियम आहे."

"चालेल मला."

तेव्हापासून भरत्या बादलीगणिक चार-दोन ओळी यायला लागल्या. सगळ्याच काही बऱ्या नव्हत्या. शिडीवरची एक कविता तर शिडीइतकीच लांब होती. पण काही ओळी परत म्हणताना माझा आवाज आपोआप खाली यायचा.

"माळ्यावरून आईचा फक्त भांग दिसायचा.
तिचा चेहरा मी जेवताना पाहिला,
तोही ताटावर वाकलेला."

किंवा,

"मी उभ्या केलेल्या एकाही इमारतीत
मी दारातून शिरलो नाही."

दादांना खाली यायचं होतं. साइटच्या स्टोअरमध्ये पत्र्याखाली एक खुर्ची, एक पंखा आणि खिळ्यांची खोकी होती. तिथला म्हातारा स्टोअरकीपर आता घरी बसणार होता. ती खुर्ची दादांना हवी होती. पूर्वी त्यांनी खाली यायला मिळावं म्हणून इंजिनिअर साहेबांकडे शब्द टाकला, तेव्हा साहेब म्हणाले, एवढी इमारत होऊ दे. ती झाली. मग शेजारची उभी राहिली, आणि दादा तिच्यावर. घरी ते "मीठ दे" म्हणत आणि गप्प बसून वाट बघत. कोणीतरी "मीठ देते" असं परत म्हणेपर्यंत त्यांचा हात पुढे होत नसे. मुलगी हसून लोळायची. ती शाळेला जायची तो रस्ता केबिनमधून दिसायचा. "पोर वाढली ती मी वरून बघितली," ते म्हणायचे. "दप्तर, रिबिनी आणि मागून येणारी, तिच्या वर्गातल्या एका वेंधळ्याची सायकल."

स्लॅबच्या दिवशी गोंधळ झाला. बादली भरत होती, पंप धडधडत होता, मुकादम माल चढवायच्या लिफ्टमधून वर निघाला होता. दादा कवितेत बापापर्यंत आले होते.

"सातवीचं वर्ष.
पुस्तकं काखेत.
बाप दारात आडवा उभा राहिला,
म्हणाला, तो शब्द."

मी रंगात आलो होतो. "कोणता शब्द, दादा? थांब?"

पंप बंद पडला. गडी फावडी हवेत धरून उभे राहिले. मुकादमाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे लटकली आणि आतून त्याने माझ्या घराण्याचा उद्धार सुरू केला. इंजिनिअर साहेब धावत आले.

"थांब कोण म्हणालं?"

"मी, साहेब."

"का?"

"दादांचे वडील म्हणाले म्हणून."

"ते साइटवर आलेत?"

"नाही. ते वारले."

साहेबांनी काम चालू करायला लावलं आणि स्लॅब ओतून झाल्यावर आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. दादांना जमिनीवर, समोरासमोर, मी पहिल्यांदाच बघत होतो. चालताना ते पाय जरा जपून टाकत होते, जणू खाली काच आहे. माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढा उंच आहेस होय तू! मला वाटायचं, तू म्हणजे एक पिवळं हेल्मेट."

आता दोघांची हजामत होणार, असं धरून मी खाली मान घालून उभा राहिलो. साहेबांनी टेबलावरच्या सेटवर बोट ठेवलं.

"हा काय फक्त शोभेला ठेवलाय? बरेच दिवस ऐकतोय मी तुम्हाला. ते आईच्या भांगाचं घरी म्हणून दाखवलं, तर बायको जेवता जेवता उठून गेली." मग खाकरून म्हणाले, "पुन्हा सेटवर असला घोळ नको. आणि हो, स्टोअरची जागा तुमची."

दादांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. बसले नाहीत.

"फक्त वर माणूस हवा," साहेब म्हणाले. "बाहेरून मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. हा आहे की! नजर चांगली आहे, खाणाखुणा पाठ आहेत. याला तयार करा. हा वर चढला, की तुम्ही खाली."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वरचा म्हणजे वरचा! घरी कसं सांगायचं, कोणत्या भावाला आधी जळवायचं, सगळं ठरवूनही झालं.

दादा माझ्याकडे बघत होते.

"याला नाही जमायचं, साहेब."

"का?"

"भित्रा आहे. आणि बडबड्या. माल हवेत असताना कविता म्हणत बसेल."

"कविता तर तुम्ही म्हणत होता!"

"म्हणून तर सांगतोय."

"विचार करा. मग मला ती खुर्ची दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."

"द्या," दादा म्हणाले. इतक्या घाईने, जणू थोडं थांबले असते तर तोंडातून दुसरंच काही निघालं असतं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर उखडलो. "मी भित्रा? दादा, हातातोंडाशी आलेलं घालवलंत माझं! आणि तुमचंही!"

"लग्न झालंय का तुझं?"

"त्याचा काय संबंध?"

"मग खाली राहा, मास्तर. जरा लोकांत दिस."

"आणि तुमची खुर्ची?"

"खुर्ची वरही आहे की. तिला तर काचासुद्धा आहेत." हसले, पण ते काही जमलं नाही. स्टोअरच्या दारापाशी घुटमळले, आतल्या फिरत्या पंख्याकडे बघितलं, मग माठातलं पाणी प्यायले आणि शिडीकडे गेले. अर्ध्यावर पोचेपर्यंत मी मुद्दाम वर बघितलं नाही.

उरलेली दुपार मी दगडासारखा हुकूम देत राहिलो. ते परत म्हणत राहिले. ऊन कललं. गच्चीवरच्या टाकीच्या भिंतीसाठी शेवटची बादली भरायला लागली, तसा सेट खरखरला.

"आज दुपारी खाली गेलो होतो.
एका माणसाला समोरून बघितलं.
त्याच्या हनुवटीवर जखमेची खूण आहे.
वरून ती दिसत नाही."

माझा हात हनुवटीवर गेला. लहानपणी ओट्यावरून पडलो होतो, त्याची ती खूण. पहिल्या तीन ओळी मी म्हटल्या. चौथीला मी सेटचं बटण सोडलं.

"मास्तर, नियम," वरून आवाज आला.

"वरून ती दिसत नाही," मी म्हणालो.

बादली भरली होती. मुकादमाने हात हलवला.

"वर घे."

"वर घे," दादा म्हणाले, आणि दोर ताठ झाला.