मामाजींचा काटा

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सगळ्यांचा संशय यायचा. एकदा ते दुकानातल्या धान्याच्या काट्यावर स्वतः बसले आणि वजन ऐकताच म्हणाले, "काटा बिघडला." गिऱ्हाइकांसाठी तोच काटा इतकी वर्षं चोख होता.

साठी उलटलेली, अंग सुटलेलं. शिरपूरच्या बाजारातून देवळापर्यंत जातानाही धाप लागायची, पण दोष कधी त्यांचा नसायचा. "सूनबाई, वट्याची पायरी कोनं उंच केली?" असं ते मलाच दरडावून विचारायचे. जणू मीच गवंडी!

सकाळी ते सामायिकाला, म्हणजे जपध्यानाला, बसत. आम्हा जैनांत सत्तावीस श्वासांत नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायचा असतो. मामाजींचे तीन णमोकारांतच सत्तावीस संपायचे. वाशीमच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की रोज लक्ष ठेवा. मी स्वयंपाकघरातून बोटांवर मोजायची.

"तू माहे श्वास मोजून राह्यली का?"

"नाही जी, मामाजी."

धडधडीत खोटं.

त्यांच्या मनात एकच होतं, मुक्तागिरीचा डोंगर. सासूबाईंना घेऊन एकदा ते तिथे गेले होते. पायथ्याशीच यांना दम लागला, आणि त्यांना एकटं सोडवेना म्हणून सासूबाईही खालूनच परतल्या. वरच्या देवळांचं दर्शन राहिलं ते राहिलंच, त्या गेल्या. आता मामाजींना वर जायचं होतं, तेही डोलीत न बसता. डॉक्टर म्हणाले, आधी रोज चालू द्या, पण दम लागला की बसवा. आता यांना बसवणार कोण? "बसा" म्हटलं की ते हटकून उभे राहणार. म्हणून देवळाच्या वाटेवर त्यांचा श्वास चढला, की मी लिंबाखाली बसून पायातला काटा काढायची. मग तेही कुरकुरत टेकायचे.

महिनाभर हे चाललं. एक दिवस डोळे बारीक करून म्हणाले, "रोज याच लिंबापाशी काटा कसा रुतते तुले?"

मी मान खाली घातली. माझी चोरी पकडली गेली होती, आणि आता हे चालणंच सोडतील या भीतीने मला रडू येत होतं. पण दुसऱ्या दिवशी ते देवळाची पिशवी घेऊन माझ्याआधी दारात उभे.

हिवाळ्यात आम्ही मुक्तागिरीला गेलो. थोड्याच पायऱ्या चढल्यावर त्यांचा चेहरा काळवंडला. झाडून काढलेल्या दगडी पायऱ्या त्या. तिथे काटा दाखवायचा कुठून? मी घाबरले. तेवढ्यात मामाजीच खाली बसले, पाय पुढे केला आणि म्हणाले, "थांब सूनबाई. मले काटा रुतला."

मी नसलेला काटा सावकाश काढला. असे कितीतरी काटे काढत आम्ही वर पोचलो. देवापुढे त्यांनी नऊ णमोकार म्हटले, डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "मोजले ना? किती झाले?"

"सत्तावीस."

"खोटारडी," ते म्हणाले आणि हसले.

मामाजी जाऊन आता खूप वर्षं झाली. अंग माझंही सुटलंय. परवा देवळाच्या वाटेवर माझी सून अचानक खाली बसली आणि म्हणाली, "आई, थांबा, चपलीत खडा गेला." मी तिच्या चपलेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता शेजारी टेकले.